वरचा थर

८ फेब्रुवारी

चि. बारके,

तुझं पत्र येऊन महिना होत आला. उत्तर लिहायला बसावं तर काहीतरी उपटायचंच. आज आईचा डोळा लागलाय, हे होड्यांच्या कामावर गेलेत, म्हणून बसले.

आधी चांगलं सांगते. आईची तब्येत ठणठणीत आहे. कान गेले असं म्हणते, पण तिच्याबद्दल कोणी भिंतीपलीकडे कुजबुजलं तरी तिला नीट ऐकू जातं. दिवसभर खिडकीशी बसून समुद्राला शिव्या घालते. तो ऐकत नाही म्हटल्यावर मोर्चा यांच्याकडे वळतो. परवा म्हणाली, "तुम्ही घरजावई होऊन आलात तेव्हा समुद्र इतका लांब होता की बघायला जायचं तर डबा बांधून घ्यावा लागे. हा सगळा तुमचा पायगुण." हे हसले आणि रंधा मारत राहिले. यांना राग येतो की नाही हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

आता दुसरं. मागची खोली गेली. तुझी. दुपारची भरती होती आणि वारा उलटा. भिंत बाहेरच्या अंगाला पडली, अगदी सावकाश, थकल्या माणसाने आडवं व्हावं तशी. मग तिच्याखालची जमीनही गेली. तुझी ट्रंक आधीच पुढच्या खोलीत आणून ठेवली होती, तिची काळजी करू नकोस. आता स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं की चार पावलांवर कडा. यांनी दाराला आडवी फळी ठोकलीय.

शाळेचं कुंपण मागच्या वर्षीच गेलं, ते तुला कळवलं नव्हतं. म्हटलं उगीच जिवाला घोर. मच्छीमार संस्थेतले जुने लोक म्हणतात, नदी पूर्वी चहासारखी यायची, आता काचेसारखी येते. तू धरणावर असतेस, गाळ मोजायचीच तुझी नोकरी. खरं काय ते सांग. आमची माती गेली कुठे?

तुझी,
ताई

ता. क. मेहुणीबाई, फळी सागाची आहे. घर गेलं तरी फळी राहील. — भावोजी


२ मार्च

सौ. ताईस,

तुझं पत्र ऑफिसात वाचलं ही चूक झाली. सगळ्यांसमोर रडले. शिपाई पाणी घेऊन आला आणि विचारायला लागला, घरी कोण गेलं. मी म्हटलं, खोली गेली. तो म्हणाला, मग रडताय काय, भाड्याची दुसरी मिळेल.

ताई, तुमची माती माझ्याकडे आहे.

खरंच सांगते. आम्ही होडीतून तलावाच्या मध्यावर जातो, एक लांब पोकळ नळी तळाच्या गाळात खुपसतो, वर ओढतो आणि खोलीत आणून उभी चिरतो. आतून थर दिसतात. पूर आला त्या वर्षी जाड वाळूचा पट्टा, कारण जोरात वाहणारं पाणी जड माल घेऊन येतं आणि धरणाशी येऊन थबकलं की तो आधी टाकतं. मग पाणी निवळत जातं तशी बारीक माती उतरते, राखाडी, पिठासारखी. मध्येच काळी रेघ, कुजलेल्या पानांची. त्यावर पुढचं वर्ष. त्यावर त्याच्या पुढचं. तुझं लग्न झालं ते वर्षसुद्धा मी बोटाने दाखवू शकते, तेव्हा मोठा पूर आला होता ना. हे सगळं पूर्वी तुमच्याकडे यायचं आणि नदीच्या तोंडाशी पसरायचं. समुद्र न्यायचा तेवढं नदी भरून द्यायची. आता देणारीचा हात आम्ही धरून ठेवलाय.

हे थर असेच साचत राहिले तर वरचा भार खालच्याला दाबतो, पाणी पिळून काढतो, कणांच्या फटीत पाण्यातला चुना वगैरे बसून त्यांना चिकटवतो, आणि लाखो वर्षांनी दगड होतो. आमच्या वसाहतीमागच्या टेकडीला असाच दगड आहे, वहीच्या पानांसारखा. एका पानावर लाटांच्या वळ्या जशाच्या तशा आहेत. संध्याकाळी मी त्यावर बसते. साहेब म्हणतात, आपलं धरण म्हणजे दगडाचा कारखाना, फक्त माल हातात यायला जरा उशीर लागतो.

नवल वाटतं ते पाण्याचं. चिकणमाती इतकी बारीक की आतल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच सापडत नाही. धरण बांधलं त्या वर्षीची, अगदी तळातली माती मी हातात घेतली, तर ती अजून दह्यासारखी. एवढी वर्षं डोक्यावर ओझं, तरी.

आईला माझा नमस्कार. समुद्राला माझ्याही वाटच्या दोन शिव्या घालायला सांग.

तुझी,
बारकी


२६ मार्च

चि. बारके,

तुझं पत्र यांनी माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. एरवी माझं बोलणं एकदा ऐकायचीही मारामार. दगडाच्या कारखान्याचं ऐकून आई म्हणाली, "मग तिला म्हणावं दगडच पाठव थेट. माती कशाला मध्ये."

हे मात्र त्या दिवसापासून एकाच गोष्टीमागे लागलेत. म्हणतात, कुठलीही टाकी बांधणारा माणूस तळाशी धुवायला एक भोक ठेवतोच. धरणालाही ते असणार. असलं तर उघडत का नाहीत? काल संस्थेत जाऊन सगळ्यांसमोर बोलले. हे! लग्नातसुद्धा ज्यांनी तोंड उघडलं नव्हतं! संस्थेने अर्ज करायचं ठरवलंय. पण अर्जाचं काय होतं ते तुलाही ठाऊक आणि मलाही. तू तिथे आत आहेस. तू साहेबांना सांग.

मी तुला कधी काही मागितलं नाही. तू शिकायला गेलीस तेव्हा आईला मी बघेन म्हटलं, आणि बघतेय. पण हे घर माझ्या एकटीचं नाही. पुढच्या पावसाळ्यात स्वयंपाकघर जाईल, त्याच्या पुढच्या वर्षी आई बसते ती खिडकी. मग ती कुठे बसेल ते सांग.

ताई

ता. क. खालचं दार आहे का? असेल तर उघडा. आम्ही झेलतो. — भावोजी


१९ जून

सौ. ताईस,

इतके दिवस लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं काही हातात नव्हतं. आता आहे.

भावोजींचा तर्क खरा. धरणाच्या पायथ्याशी खालची दारं आहेत, बांधल्यापासून नीट उघडलेलीच नाहीत. साहेबांनी आधी हसून घेतलं. म्हणाले, "गाळ सोडायचा म्हणजे पाणी सोडायचं, आणि पाणी म्हणजे वीज. तुमच्या बहिणीच्या खिडकीसाठी गावं अंधारात ठेवू का?" मग मी तलाव किती भरत आलाय ते सगळं मांडून दाखवलं. याच गतीने गाळ साचला तर पाणी ठेवायला जागाच उरणार नाही. ते वरच्या ऑफिसला पटलं. तुमच्यासाठी नाही, त्यांच्या स्वतःसाठी पटलं. पण पटलं. पूर आला की जुलैच्या शेवटी दारं उघडणार.

आता नीट वाच आणि सगळ्यांना सांग. पहिलं पाणी काळं येईल आणि घाण वास येईल. खाडीतले मासे मरतील, जाळी आणि होड्या आधीच वर काढा. बंदरावर सूचना लागेलच, पण ती कोण वाचतं. गाळ घराच्या बाजूला पसरला तर तो धरून ठेवायला हवा, नाहीतर समुद्र परत नेईल. फांद्यांची कुंपणं ओळीने रोवा, आडवी, लाटांच्या वाटेत. पाणी त्यात अडखळलं की गाळ टाकतं. हे भावोजींना माझ्यापेक्षा चांगलं जमेल. आणि नवीन गाळावर कोणी पाऊल टाकू नका. ऊन लागून भेगा पडेपर्यंत थांबा.

मला काय वाटतंय ते लिहिता येत नाही. मी फक्त मोजायचे. पहिल्यांदाच कोणालातरी काही देतेय.

तुझी,
बारकी


३ सप्टेंबर

चि. बारके,

आली गं बाई तुझी माती.

आधी वास आला. मग नदी काळी झाली, डांबर ओतल्यासारखी. मासे पोट वर करून आले ते किती, विचारू नकोस. संस्थेच्या अध्यक्षांनी दारात येऊन मला आणि तुला, दोघींना मिळून काय काय म्हटलं ते मी लिहिणार नाही. जाळी वर काढा म्हणून यांनी घरोघर सांगितलं होतं, पण अर्ध्यांनी ऐकलं नाही. दोन आठवडे गाव नाकाला फडकं लावून फिरत होतं. आईने खिडकी लावून घेतली. आजवर वादळातही लावली नव्हती.

आणि मग एक दिवस ओहोटीला सकाळी हे बाहेर गेले आणि तिथूनच ओरडले. मी धावले. कड्याखाली, जिथे तुझी खोली होती त्याच्याही पुढे, पाणी नव्हतं. माती होती. गुळगुळीत, चमकणारी, पार लांबवर. समुद्र पलीकडे कुठेतरी बारीक आवाज करत होता. लहानपणी दिसायचा तेवढा लांब.

हे ओट्यावर बसून राहिले. मी बघितलं तर डोळे पुसत होते. म्हणाले, धूळ गेली. ओल्या चिखलात धूळ कुठून येणार?

त्या दिवसापासून यांनी होड्यांचं काम सोडल्यात जमा आहे. झाडांच्या फांद्या आणून कुंपणं रोवतायत. आधी कड्यावरून, मग फळीवर पालथं पडून. शेजारीण आणि तिचा नवराही आता हात लावतात. कुंपणामागे खरंच माती चढते, रोज बोटभर. हे शीळ घालत काम करतात. लग्न झालं तेव्हा घालायचे, मग कधी थांबली ते माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

ताई

ता. क. मेहुणीबाई, माल पोचला. पॅकिंगला जरा वास होता. — भावोजी


२१ सप्टेंबर

सौ. ताईस,

तुझं पत्र मी साहेबांना वाचून दाखवलं, शिव्यांचा भाग गाळून. त्यांनी ते वरच्या ऑफिसला सांगितलं. आता तिकडून दोन माणसं येऊन माझ्या नळ्यांचे फोटो काढून गेली. शिपाई मला 'मातीवाल्या बाई' म्हणतो आणि चहा आधी माझ्या टेबलावर आणतो.

माशांचं वाईट वाटलं. पुढच्या वेळी दारं हळूहळू उघडायला सांगेन, थोडं थोडं.

एक काम कर. त्या गाळाचा एक डबा भरून गाडीने पाठव, मला तपासायचाय. आणि भेगा पडायला लागल्या का ते कळव. इथे ऊन छान पडलंय, तिथेही असेल. आठवडाभर असंच ऊन मिळालं की भावोजींना फळीवर पालथं पडायची गरज नाही. चालत जाऊ देत बिचाऱ्यांना.

तुझी,
बारकी


१५ नोव्हेंबर

सौ. ताईस,

माझ्या सप्टेंबरच्या पत्राला उत्तर नाही. माशांवरून रागावलीस का? की संस्थेतल्या लोकांनी तुला फार छळलं? रागावली असशील तर तसं लिही, पण लिही. गाळाचा डबाही आला नाही.

भावोजींसाठी एक पटाशी पाठवतेय. इथला लोहार चांगला आहे, पातं त्याने माझ्यासमोर घडवलं. मूठ त्यांनीच बसवावी म्हणून तशीच ठेवलीय, दुसऱ्याने बसवलेली मूठ त्यांना चालत नाही हे मला ठाऊक आहे.

बारकी


६ डिसेंबर

बारके,

पटाशी मिळाली. वापरणारा माणूस नाही.

तुझं सप्टेंबरचं पत्र आलं त्याच्या पुढच्या आठवड्यात गेले. तार केली नाही. तू धावत आली असतीस, आणि तुझं तोंड बघायची माझी तयारी नव्हती. आता लिहिते, कारण पटाशी समोर आहे आणि ती परत पाठवायला मन होत नाही.

सकाळची ओहोटी होती. सगळ्यात बाहेरचं कुंपण लाटांनी उसवलं होतं. ते बांधायला खांद्यावर फांद्यांचा भारा घेऊन गेले. जाताना पायाने आपटून दाखवलं आणि मला हाक मारली, "ये बघ, फरशी झालीय!" मी कड्यावर उभी होते. हातात भांडं होतं, घासायचं.

बाहेरच्या कुंपणाशी पोचले आणि गुडघ्यापर्यंत आत गेले. हसले. "मेहुणीला सांग, तिच्या मातीने चप्पल ठेवून घेतली." मग भारा टाकून एक पाय वर काढायला गेले तर दुसरा मांडीपर्यंत गेला. मग हसले नाहीत.

शेजारणीचा नवरा धावला, संस्थेतले आले. फळ्या टाकल्या. स्वयंपाकघराचं दार बिजागरीतून उपटून तेही टाकलं. दोर पोचला, काखेतून घातला, सगळ्यांनी मिळून ओढला तेव्हा ते असे किंचाळले की ओढणाऱ्यांचे हात सुटले. म्हणाले, मी मधून तुटतोय, नका ओढू. हाताने उपसावं तर जेवढं उपसू तेवढं बाजूने परत भरतं. होडी आणावी तर तेवढं पाणी नाही. आणि जेव्हा होडीपुरतं पाणी आलं तेव्हा ते त्यांच्या छातीपर्यंत होतं.

मला म्हणाले, "आईंना खिडकीतून आत ने." मी नेलं नाही. मी हलले नाही तिथून. आईने सगळं बघितलं.

शेजारणीच्या नवऱ्याने शेवटपर्यंत त्यांचं डोकं वर धरलं होतं. मग त्याच्या होडीतल्या माणसांनी त्यालाच ओढून घेतलं.

पुढच्या ओहोटीला तिथे काही नव्हतं. नदीतून अजून गाळ येतच होता, भरतीबरोबर तो तिथेच बसला. सगळं पुन्हा गुळगुळीत. बांबू खुपसून शोधलं, बरेच दिवस शोधलं. सापडले नाहीत.

तुमच्या ऑफिसचा माणूस येऊन गेला. त्याने कागदावर लिहिलं, सूचना फलक लावलेला असतानाही स्थानिक इसम गाळावर गेला.

ताई


१४ डिसेंबर

वर काय लिहावं कळेना, म्हणून नुसतं ताई.

तुझं पत्र मी दिवसभर जवळ ठेवलंय. वाचवत नाही आणि ठेववतही नाही. मी निघते. रजा मागितली आहे. आईला कोण बघतंय, तू जेवतेस का, काही तर कळव.

ताई, रागावू नकोस, पण मला राहवत नाही. मी लिहिलं होतं ना, भेगा पडेपर्यंत कोणी पाऊल टाकू नका? ते पत्र तुम्हाला मिळालं होतं. मग भावोजी का गेले? त्यांना कोणी अडवलं का नाही?

बारकी


२२ डिसेंबर

बारके,

भेगा पडल्या होत्या.

येऊ नकोस. आई इतके दिवस बोलत नव्हती, काल बोलली. म्हणाली, "दोघी बहिणींनी मिळून माझा जावई मातीत घातला." माझ्याकडे बघून म्हणाली. तू आलीस तर तुझ्याकडे बघूनही म्हणेल.

ताई


१० एप्रिल

बारके,

काम आहे म्हणून लिहितेय.

बंदराच्या वाटेतला गाळ काढायला यंत्र आलंय. मी यंत्रवाल्याला भेटले. म्हटलं, आमच्या दारासमोरचंही खण, माझा माणूस आत आहे. तो भला माणूस, तयार झाला. पण संस्थेत बोलावणं आलं. सगळे जमले होते. कोणी माझ्याकडे बघेना. शेवटी शेजारीणच उठली. म्हणाली, "वहिनी, गेल्या वेळी पाणी आमच्या चुलीपर्यंत आलं होतं. या हिवाळ्यात भिंतही ओली झाली नाही. तुमचा माणूस गेला, माझ्या नवऱ्याने त्याचं डोकं धरलं होतं, तो अजून झोपेत हात वर धरतो. पण तुम्ही ती माती उकरलीत तर आम्ही जायचं कुठे?"

मी तिला वाटेल ते बोलले. तिने ऐकून घेतलं.

यांच्यामागे लोकांनी आणखी कुंपणं रोवलीत. वर आता कसलंसं खारं गवत आलंय. लोक म्हणतात, तुझा नवरा गाव राखतोय. मला हे ऐकवत नाही. तो काही राखत नाहीये. तो अडकलाय.

तुझी विद्या काय म्हणते ते सांग. खणलं तर काय होईल? ते सापडतील का? माझं मन राखायला खोटं लिहू नकोस. लहानपणापासून तुझं खोटं मला ओळखू येतं.

ताई


२ मे

ताई,

खरंच लिहिते.

जानेवारीत मी आले होते. तुला सांगितलं नाही. बसने आले, बंदराच्या बाजूने फळीवरून कडेकडेने गेले आणि छोटी नळी खुपसून गाळ घेतला. तू ओट्यावर काहीतरी निवडत बसली होतीस. हाक मारायची छाती झाली नाही. त्याच बसने परत गेले.

नळी चिरली. वरचा थर वीतभर, खणखणीत. त्याच्याखाली दही. माणूस उभा राहील त्याच्याही खाली, सगळं दही. भेगा फक्त वरच्या थराला पडतात, ताई. ऊन तिथवरच पोचतं. आणि वरचं असं घट्ट झालं की खालचं पाणी आणखीच कोंडतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. तुला मार्चमध्ये मीच लिहून पाठवलं होतं, नवल म्हणून. पण भेगांचं वाक्य लिहिताना मला फक्त आनंद झाला होता. त्या घाईत मी हे दोन्ही शेजारी ठेवून बघितलं नाही. भावोजी बेफिकीर नव्हते. मी सांगितलं तेवढंच त्यांनी केलं.

आता तू विचारलंस त्याचं. खणलं तर खड्ड्याच्या कडा उभ्या राहणार नाहीत, आत वाहत येतील. जेवढं काढू तेवढं भरेल. कुंपणं ढिली होतील, आणि पावसाळ्यात समुद्र आला की सगळं घेऊन जाईल, शेजारणीच्या चुलीपर्यंत. इतकं करून भावोजी सापडतील अशी आशा फार थोडी आहे. गाळ सरकतो, ते गेले त्या जागी असतीलच असं नाही.

पण तू खणायचं म्हणालीस तर संस्थेला माझ्या ऑफिसचा कागद लागेल, खणायला हरकत नाही असा. तो खोटा असेल. मी तो लिहून देईन. नोकरी गेली तर जाऊ दे. तू सांगशील तसं.

आणखी एक आहे, ते दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मी सांगते. या जुलैत खालची दारं पुन्हा उघडायची आहेत. त्यासाठी गावाची संमती हवी, आणि ऑफिसने सांगितलंय की त्यावर तुझी सही असल्याशिवाय पुढे जायचं नाही. गाळ आला तर आहे त्या मातीवर पसरेल. तिथे नवा थर बसेल. म्हणजे भावोजींच्या वर.

नाही म्हणायचा तुला पूर्ण हक्क आहे.

बारकी


२७ मे

बारके,

खोटा कागद लिहू नकोस. खणायचं नाही.

हे मी शहाणपणाने ठरवलं असं समजू नकोस. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी फावडं घेऊन कड्याखाली उतरले होते. कोणी बरोबर नाही तर मी एकटी. कुंपणाच्या आत पहिलाच घाव घातला, तर पाणी वर आलं आणि खड्डा माझ्यासमोर मिटला. पुन्हा घातला, पुन्हा मिटला. वर बघितलं तर शेजारीण कड्यावर उभी. ओरडली नाही, अडवलं नाही. फळी घेऊन उतरली, माझ्या पायाखाली सरकवली आणि तिथेच शेजारी बसून राहिली. दोघी चिखलाने माखून घरी आलो. तिने मला अंघोळ घातली. जिला मी भर सभेत वाटेल ते बोलले होते तिने.

तिचं घर मी पाडू शकत नाही.

आईला सहीचं विचारलं. म्हणाली, "तू सही करणार असशील तर मला आधी सांग. त्या दिवशी मी खिडकीत बसणार नाही." मी म्हटलं, मी करणार आहे. ती भिंतीकडे तोंड करून पडली. अजून तशीच आहे, पण जेवते.

सही करते. पण माझी एक अट आहे, ती ऑफिसला नाही, तुला. दारं उघडतील तेव्हा तू वर धरणावर उभी राहून मोजायचं नाहीस. इथे यायचंस. यांच्या अंगावर माती पडताना मी एकदा एकटीने बघितलं, पुन्हा एकटी बघणार नाही.

तुला माफ केलं असं मात्र समजू नकोस. ते अजून झालेलं नाही, होईल की नाही माहीत नाही. घरात आलीस की पाया पडू नकोस, रडू नकोस, समजावून तर काहीच सांगू नकोस. नुसती शेजारी उभी राहा.

ताई


१७ जुलै

ताई,

दारं गुरुवारी उघडणार. मी मंगळवारच्या गाडीने निघते. स्टेशनवर कोणी येऊ नये, मी चालत येईन.

साहेबांनी रजा नाकारली. म्हणाले, "दारं उघडण्याच्या दिवशी गाळ मोजणारी बाई धरणावर नको तर कुठे हवी?"

मी म्हटलं, तो जिथे पडतो तिथे.

बारकी